जुना फोन मंदावतो, त्यात बॅटरीचा हात किती?

निफाडच्या एका द्राक्ष बागायतदारांचा प्रश्न आहे. त्यांचा फोन चार वर्षांचा आहे. अपडेट घेतल्यापासून तो अडखळतो. जानेवारीत पहाटे बागेत गेलं की 35 टक्के बॅटरी दिसत असताना एकदम बंद पडतो, आणि घरी येऊन चार्जर लावला की परत 30-32 टक्के दाखवतो. गावातला दुकानदार म्हणतो, कंपन्या जुने फोन मुद्दाम स्लो करतात, आता नवाच घ्या. हे खरं आहे का, आणि नवा घ्यावा का, असं त्यांनी विचारलं आहे.

दादा, नवा फोन एवढ्यात घेऊ नका. तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून माझी पहिली शंका बॅटरीवर जाते. दुकानदार सांगतो त्यात अर्धं सत्य आहे, आणि ते अर्धं नीट समजून घेतलं तर तुमचे वीस-पंचवीस हजार वाचू शकतात. नाशिकला गेली एकोणीस वर्षं मी मोबाईल दुरुस्तीचं काम करतो. नवा फोन घ्यायचं ठरवून, जुना मुलाला खेळायला द्यावा म्हणून फक्त काच बदलायला आलेली माणसं मी पाहिली आहेत. सोबत बॅटरीही बदलून दिली की दोन दिवसांनी त्यांचा फोन येतो, "अहो, हा तर पहिल्यासारखा चालतोय, नवा घेतला नसता." तोवर पैसे गेलेले असतात. म्हणून हे जरा विस्ताराने लिहितो.

बॅटरी म्हातारी होते म्हणजे काय होतं? घराच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीत किती पाणी मावतं ही एक गोष्ट. टाकीतून खाली येणारा पाइप किती मोकळा आहे ही दुसरी. बोअरच्या पाण्याने पाइपात क्षार धरतो आणि टाकी भरलेली असली तरी खालच्या नळाला धार बारीक येते, हे तुम्हाला सांगायला नको. बॅटरीत दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असतात. साठा कमी होतो आणि पाइपही बुजत जातो. साठा कमी झाल्याचं सगळ्यांना कळतं, कारण सकाळी भरलेली बॅटरी दुपारी संपते. पाइप बुजल्याचं मात्र कुणालाच दिसत नाही. फोन अचानक बंद पडण्यामागे आणि मंद होण्यामागे मुख्यतः हा दुसरा दोष असतो.

लिथियम-आयन बॅटरीत ग्राफाइटच्या बाजूला पहिल्या चार्जिंगपासूनच एक पातळ थर तयार होतो. तो गरजेचाच असतो, त्याशिवाय बॅटरी टिकणार नाही. पण प्रत्येक चार्जिंगबरोबर तो किंचित जाड होतो, थोडं लिथियम कायमचं अडकवतो आणि विजेच्या वाटेत अडथळा वाढवतो. त्या अडथळ्याला अंतर्गत रोध म्हणतात. उष्णतेने हे सगळं झपाट्याने होतं. मेमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेला किंवा दिवसभर दुचाकीच्या हँडलवर उन्हात लावलेला फोन वर्षभरात घरातल्या फोनपेक्षा कितीतरी जास्त म्हातारा होतो. डिलिव्हरी करणाऱ्या मुलांचे फोन उघडले की हे लगेच दिसतं.

आता थोडा हिशोब. फोनची बॅटरी अर्धी रिकामी असताना साधारण 3.7 ते 3.8 व्होल्ट देते. तुम्ही कॅमेरा उघडला, फ्लॅश मारला किंवा एखादं जड अ‍ॅप सुरू केलं की प्रोसेसर क्षणभरासाठी जोरात वीज ओढतो. समजा तो झटका 3 अँपियरचा आहे. चांगल्या बॅटरीचा रोध 0.1 ओहम धरला तर त्या क्षणी 0.3 व्होल्ट पडतात. 3.75 चे 3.45 झाले, फोनला फरक पडत नाही. जुन्या बॅटरीचा रोध वाढून 0.3 ओहम झाला असेल तर त्याच झटक्याला 0.9 व्होल्ट पडतात आणि शिल्लक राहतात 2.85. इतक्या कमी व्होल्टेजवर बोर्डावरची पॉवर आयसी, म्हणजे फोनच्या भागांना वीज वाटून देणारी चिप, फोन चालू ठेवत नाही. आतले भाग बिघडू नयेत म्हणून ती सरळ पुरवठा तोडते. स्क्रीनवर 35 टक्के दिसत असतात, कारण टाकीत पाणी खरोखरच तेवढं असतं, फक्त ते एकदम खाली येऊ शकत नाही. चार्जर लावल्यावर परत 30-32 टक्के का दिसतात, याचंही उत्तर यातच आहे.

आणि तुमच्याकडची थंडी. निफाडचा पारा राज्यात सगळ्यात खाली जातो तेव्हा तुम्ही बागेत शेकोट्या पेटवता, त्याच पहाटे बॅटरीच्या आतली रासायनिक हालचालही मंदावते आणि रोध आणखी वाढतो. नवी बॅटरी हे सोसते. जुनी आधीच काठावर असते, ती कोसळते. दुपारी तोच फोन त्याच 35 टक्क्यांवर नीट चालत असेल तर माझं निदान आणखी पक्कं होतं. याचं उत्तर मला नक्की कळवा.

हे झालं निसर्गाचं. आता कंपन्यांकडे येऊ.

जुन्या बॅटरीमुळे फोन बंद पडतोय हे लक्षात आल्यावर कंपनीपुढे एक सोपा तांत्रिक उपाय असतो. प्रोसेसरला इतका जोराचा झटका घेऊच द्यायचा नाही. त्याचा कमाल वेग कमी केला की वीज कमी ओढली जाते, व्होल्टेज फार पडत नाही आणि फोन चालू राहतो. बदल्यात तो मंद होतो. म्हणजे अचानक बंद पडण्याचा दोष मंदपणात बदलून घ्यायचा. अभियांत्रिकी म्हणून यात मला काहीही गैर वाटत नाही. पहाटे बागेत एकट्या माणसाचा फोन बंद पडण्यापेक्षा तो हळू चाललेला बरा. गैर ठरलं ते पुढचं, आणि त्याची सगळ्यात मोठी गोष्ट अ‍ॅपलची आहे.

2016 च्या शेवटी आयफोन 6एस अचानक बंद पडण्याच्या तक्रारी वाढल्या. नोव्हेंबरमध्ये अ‍ॅपलने सांगितलं की सप्टेंबर आणि ऑक्टोबर 2015 मध्ये बनलेल्या काही फोनच्या बॅटऱ्यांत दोष आहे, त्या फुकट बदलून देऊ. पण तक्रारी तेवढ्याच फोनपुरत्या नव्हत्या. जानेवारी 2017 मध्ये आयओएस, म्हणजे आयफोनच्या मूळ सॉफ्टवेअरचं, 10.2.1 हे अपडेट आलं. त्यानंतर महिनाभराने अ‍ॅपलने जाहीर केलं की 6एस अचानक बंद पडण्याचं प्रमाण 80 टक्क्यांहून जास्त आणि आयफोन 6 मध्ये 70 टक्क्यांहून जास्त घटलं आहे. लोकांना आनंद झाला. हे कशाच्या बदल्यात घडलं, ते मात्र सांगितलं गेलं नाही.

ते उघड झालं डिसेंबर 2017 मध्ये. एका वापरकर्त्याने आपल्या 6एसची बॅटरी बदलली आणि वेग मोजणाऱ्या अ‍ॅपचे आकडे आधी आणि नंतर घेतले. बदलल्यावर फोन कितीतरी वेगाने चालत होता. प्रोसेसर तोच, सॉफ्टवेअर तेच, बदलली फक्त बॅटरी. ते वाचून गीकबेंच हे वेग मोजणारं अ‍ॅप बनवणाऱ्या प्रायमेट लॅब्सच्या जॉन पूल यांनी त्यांच्याकडे जमा झालेले आकडे काढले आणि 18 डिसेंबरला आलेख प्रसिद्ध केले. आयओएस 10.2 वर असलेल्या 6एसच्या आलेखात एकच ठळक शिखर होतं, म्हणजे जवळजवळ सगळे फोन सारख्याच वेगाने चालत होते. 10.2.1 नंतर त्या शिखराच्या खाली वेगळी, छोटी शिखरं उगवली. 11.2 मध्ये ती आणखी ठळक झाली. फोन नुसता वयाने मंदावला असता तर आकडे सगळीकडे विखुरलेले दिसले असते. ठराविक पायऱ्यांवर गर्दी झाली, याचा अर्थ सॉफ्टवेअरने वेगाच्या मर्यादा आखून दिल्या होत्या.

दोन दिवसांनी, 20 डिसेंबरला अ‍ॅपलने कबूल केलं. 6, 6एस आणि एसई या फोनमध्ये जुनी बॅटरी असेल, थंडी असेल किंवा चार्ज कमी असेल तर कमाल वेग रोखला जातो, आणि 11.2 पासून आयफोन 7 लाही हे लागू आहे. 28 डिसेंबरला माफीचं पत्र आलं. अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर 79 डॉलरवरून 29 वर आणला, आपल्याकडे तो 6,500 रुपयांवरून 2,000 अधिक कर इतका झाला, आणि 2018 वर्षभर ही सवलत राहिली. मार्च 2018 मध्ये आयओएस 11.3 बरोबर बॅटरीची तब्येत दाखवणारं पान फोनमध्ये आलं आणि हे वेग रोखणं बंद करायची सोयही मिळाली.

यानंतर जे घडलं, ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. 2 जानेवारी 2019 रोजी कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाल्याचं कळवलं. चीनमधली मंदी हे मुख्य कारण होतं. पण नवे फोन कमी घेतले जाण्याच्या कारणांत त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली होती, ती म्हणजे काही ग्राहकांनी स्वस्तातल्या बॅटरी बदलीचा लाभ घेतला. दादा, याचा अर्थ बघा. लोकांना नेमका दोष सांगितला आणि स्वस्तात उपाय दिला, तर त्यांनी नवा फोन घेतला नाही. मग दोष लपवला होता त्या वर्षभरात किती जणांनी फोन म्हातारा झाला समजून नवा घेतला असेल? नवा फोन खपवण्यासाठीच हे केलं हा आरोप अ‍ॅपलने कायम नाकारला आहे, आणि इंजिनिअरांचा मूळ हेतू फोन बंद पडू नये हाच होता असं मलाही वाटतं. पण हेतू चांगला असला तरी माणसाला त्याच्याच वस्तूबद्दल अंधारात ठेवायचा अधिकार कुणाला मिळत नाही. डॉक्टरने औषध बरोबर दिलं, पण आजार काय ते सांगितलंच नाही, तर रोगी उगाच मोठ्या शस्त्रक्रियेला तयार होईल.

पुढे दंड झाले. ऑक्टोबर 2018 मध्ये इटलीच्या स्पर्धा नियामकाने अ‍ॅपलला 1 कोटी युरोचा दंड केला आणि त्याच दिवशी सॅमसंगलाही 50 लाखांचा. सॅमसंगचं प्रकरण बॅटरीचं नव्हतं. नोट 7 साठी बेतलेलं अपडेट जुन्या नोट 4 वर घ्यायला लावलं आणि फोन बिघडले, अशी ती तक्रार होती. फेब्रुवारी 2020 मध्ये फ्रान्सने अ‍ॅपलला अडीच कोटी युरोचा दंड लावला, आणि कारण दिलं ते ग्राहकांना माहिती न देण्याचं. अमेरिकेत सामूहिक दाव्यात 50 कोटी डॉलरपर्यंत तडजोड झाली, त्यातले धनादेश लोकांच्या हाती पडायला 2024 चा जानेवारी उजाडला, आणि दाव्यामागे साधारण 92 डॉलर मिळाले. तिथल्या राज्यांच्या सरकारांशी 2020 च्या नोव्हेंबरात आणखी 11.3 कोटींची तडजोड झाली. दोन्हींत अ‍ॅपलने चूक मान्य केलेली नाही.

म्हणजे दुकानदाराचं म्हणणं एका कंपनीच्या काही मॉडेलांपुरतं, त्या काळापुरतं, सिद्ध झालेलं आहे. "सगळ्या कंपन्या सगळे जुने फोन स्लो करतात" इथवर त्याला ताणता येत नाही. त्या वेळी एचटीसी आणि मोटोरोला यांनी आपण असं करत नसल्याचं सांगितलं होतं. अलीकडे गूगलने वेगळी वाट धरली आहे. त्यांच्या पिक्सेल 9ए या फोनमध्ये 200 चार्जिंग चक्रांनंतर (बॅटरीचा पूर्ण साठा एकदा वापरून भरला की एक चक्र) बॅटरीचं कमाल व्होल्टेज हळूहळू उतरवत नेतात, 1000 चक्रांपर्यंत. त्यामुळे साठा थोडा थोडा घटतो, पण हे कंपनीने आधीच सांगितलेलं आहे. पिक्सेल 6ए ला 2025 च्या जुलैमध्ये सक्तीचं अपडेट आलं. बॅटरी जास्त तापण्याचा धोका होता, म्हणून 400 चक्रांनंतर साठा आणि चार्जिंगचा वेग कमी केला. ग्राहकांची चिडचिड झाली, ती मला समजते. तरीही कारण सांगून केलेली कपात आणि न सांगता केलेली कपात यांत मी फरक करतो.

तुमचा फोन कोणत्या कंपनीचा ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे दोन्ही बाजू सांगतो.

आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये बॅटरी, त्यात बॅटरी हेल्थ उघडा. कमाल क्षमतेचा आकडा 80 च्या खाली असेल तर बॅटरी बदलायची वेळ झाली. आकड्यापेक्षाही त्याखालचा मजकूर वाचा. फोन एकदा अचानक बंद पडला म्हणून वेग रोखणं लागू केलं आहे, असं तिथे लिहिलेलं असेल तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं. ते तिथून बंद करता येतं, पण फोन पुन्हा बंद पडला की आपोआप परत लागू होतं. पहाटे कामाला जाणाऱ्या माणसाने ते बंद करू नये असं माझं मत आहे.

अँड्रॉइड असेल तर प्रत्येक कंपनीचा कारभार वेगळा. काही फोनमध्ये बॅटरीची तब्येत दिसते, पुष्कळ स्वस्त फोनमध्ये काहीच दिसत नाही. मग घरच्या घरी एक चाचणी घ्या. बॅटरी 30-40 टक्क्यांवर आली की चार्जर काढलेला ठेवून, स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवून, टॉर्च लावून व्हिडिओ रेकॉर्ड करा. दहा मिनिटांत फोन बंद पडला किंवा टक्के एकदम 35 वरून 20 असे घसरले, तर पाइप बुजलेला आहे.

आता एक कबूल केलं पाहिजे. स्वस्त अँड्रॉइड फोन अडखळतो तेव्हा पुष्कळदा बॅटरीचा काही संबंधच नसतो. 32 किंवा 64 जीबीचं स्टोरेज काठोकाठ भरलेलं असतं. फोनच्या मेमरीला जुनं पुसून नवं लिहायला मोकळी जागा लागते. ती नसली की प्रत्येक कामाला वेळ लागतो, आणि अपडेट आल्यावर जागा आणखी कमी होते, म्हणून दोष अपडेटला जातो. आधी व्हॉट्सअ‍ॅपमध्ये साठलेले शुभ सकाळचे फोटो आणि व्हिडिओ काढून टाका, निदान पाचवा हिस्सा जागा मोकळी ठेवा आणि मग आठवडाभर बघा. दोन-तीन जीबी रॅमच्या फोनवर आजची अ‍ॅप जड जाणारच, तिथे बॅटरी बदलून वेग येणार नाही. अशा गिऱ्हाइकाला मी बॅटरीचे पैसे घालू देत नाही. तुमच्या बाबतीत मात्र अडखळण्याबरोबर थंडीत बंद पडणं आहे, म्हणून मी बॅटरीकडे वळलो.

बदलायची ठरली तर कोणती घालायची, यावर सगळं अवलंबून आहे. काही वर्षांपूर्वी मी एका ओळखीच्या मास्तरांच्या फोनमध्ये स्वस्तातली बॅटरी घातली. आकार मूळ बॅटरीएवढाच, पण छापील एमएएच, म्हणजे साठ्याचं माप, दीडपट. मला मोह झाला, त्यांना सांगताना अभिमानही वाटला. पाच महिन्यांत ती फुगली आणि तिने डिस्प्ले वर उचलला. मी माझ्या खर्चाने दोन्ही बदलून दिलं, पण बॅटरी त्यांच्या उशाशी असायची हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो. तेव्हापासून नियम असा: तेवढ्याच आकारात मूळपेक्षा खूप जास्त क्षमता लिहिलेली असेल तर ती बॅटरी हातात घ्यायची नाही. शक्यतो कंपनीच्या सेवा केंद्रातून बदला. बाहेर बदलायची तर बॅटरीवर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, आयएस 16046 हा क्रमांक आणि "आर" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा, आणि बिलावर सहा महिन्यांची तरी हमी लिहून घ्या. बसवल्यावर 100 टक्के तब्येत दिसली म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. बॅटरीच्या सर्किटमधला तो आकडा बदलून देणारी यंत्रं बाजारात मिळतात.

जुन्या बॅटरीने मागचं झाकण किंवा स्क्रीन उचललेली दिसली तर चार्जिंग त्या क्षणी थांबवा. दाबू नका, टोचू नका, स्वतः उघडू नका.

सेवा केंद्राने बॅटरी मिळत नाही असं सांगितलं किंवा बॅटरीऐवजी पूर्ण फोनच बदलायचा आग्रह धरला, तर लेखी मागा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं आहे, तिथे त्यात सहभागी कंपन्यांची दुरुस्तीची माहिती मिळते. युरोप याच्या बराच पुढे गेला आहे. 20 जून 2025 पासून तिथे विकायच्या स्मार्टफोनची बॅटरी 800 चक्रांनंतरही निदान 80 टक्के साठा धरणारी असावी लागते. असा आकडा आपल्या कायद्यातही यावा, ही माझी मनापासूनची मागणी आहे. कारण आपल्या उन्हात बॅटरी तिथल्यापेक्षा लवकर मरते आणि आपल्याकडे एक फोन घरातल्या तीन माणसांच्या हातून जातो.

तर दादा, क्रम असा ठेवा. आधी स्टोरेज मोकळं करा, मग ती टॉर्चची चाचणी घ्या, मग बॅटरी. बॅटरी बदलल्यावर फोन मुद्दाम 35 टक्क्यांवर आणून पहाटे बागेत न्या, कॅमेरा उघडा, फ्लॅशने दोन फोटो काढा. त्यावरही बंद पडला तर दोष बोर्डावरच्या पॉवर आयसीत किंवा बॅटरीच्या कनेक्टरमध्ये असेल. तेव्हा काढलेली जुनी बॅटरी एका काचेच्या बरणीत घालून ती आणि फोन दोन्ही घेऊन या, दोन्हींचं व्होल्टेज तुमच्यासमोर मोजून दाखवतो.